अपघातग्रस्तांची वकिली: सुप्याच्या मुलांना जवळची वाट

सुप्यात एमआयडीसी आल्यापासून बारावी झालेल्या मुलापुढे घरचे दोनच पर्याय ठेवतात, आयटीआय नाहीतर डिप्लोमा. मुलीने ‘लॉ करायचंय’ म्हटलं की आईवडील धास्तावतात. घराण्यात कोणी वकील नाही, मग पक्षकार येणार कुठून?

पक्षकार या पुणे–नगर रस्त्यावरच आहेत, हे सांगताना वाईट वाटतं. कंटेनर, ट्रेलर आणि त्यांच्यामधून दुचाकीवर शिफ्टला निघालेली माणसं. त्यातला घरचा कर्ता गेला की कुटुंबाला अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं. समोर विमा कंपनीचा मुरलेला वकील असतो. आपल्या बाजूनेही तितकाच तयारीचा माणूस हवा, आणि तो गावाकडचा असेल तर फार उत्तम, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण आकड्यांतच दिसतं. ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस ट्रकच्या धडकेत गेला आणि मागे बायको, दोन मुलं, आई उरली असं धरा. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) निकालांनी हिशोबाची रीत ठरवून दिली आहे. महिना १५ हजार कमाई सिद्ध झाली, तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१ हजार होतात. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १५,७५० उरतात. वर्षाचे १ लाख ८९ हजार, गुणिले १६. झाले ३० लाख २४ हजार. इतर रकमा वेगळ्या. पण कमाईचा कागदच नसला आणि कोर्टाने अंदाजाने महिना ८ हजार धरले, तर तोच आकडा १६ लाख १२ हजार ८०० वर येतो.

हा चौदा लाखांचा फरक दूध डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलांत आणि बँकेच्या पासबुकात दडलेला असतो. शेतीच्या उत्पन्नावर तर विमा कंपनी हमखास म्हणते, जमीन कुठे गेली, ती घरच्यांकडेच आहे. अशा वेळी गोठा कोण सांभाळत होतं, कांद्याची पट्टी कुणाच्या नावावर यायची, हे साक्षीत आणावं लागतं. जिच्या घरी अशा पट्ट्या खुंटीला टोचलेल्या असतात, तिला हे प्रश्न आपसूक सुचतात.

बाकी कामात घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकचा परवाना, फिटनेस, पॉलिसी हे सगळं बारकाईने वाचणं आलं. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. त्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला असला, तरी वकिलाने त्यावर विसंबू नये. घर दुःखात असतानाच कागद गोळा करायला जावं लागतं, म्हणून मायेने बोलता आलं पाहिजे.

एक गोष्ट पालकांनी मुलांना आत्ताच बजावावी. भरपाईत टक्केवारी ठरवून फी घेणं आणि दवाखान्याबाहेर पक्षकार गाठणं, दोन्हीला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. विधवेच्या पैशात वाटा मागणारा दलाल पाहिला की संताप येतो. फी आधी ठरवावी, तिची पावती द्यावी.

हेच कौशल्य समुद्रावरच्या अपघातांतही लागतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ तराफा बुडून अनेक कामगार गेले. अशा दाव्यांसाठी २०१७ चा नौअधिकारिता कायदा आहे. त्यानुसार मुंबई उच्च न्यायालय जहाज अडकवून ठेवू शकतं. ज्याला आवड आहे त्याने पुढे तिकडे वळावं.

प्रवेश एमएच-सीईटीतून मिळतो. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन. अहिल्यानगरचं न्यू लॉ कॉलेज जवळ आहे. सनदेची फी २०२४ च्या निकालानंतर खुल्या वर्गाला ७५० रुपये आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. पहिली दोन-तीन वर्षं ज्येष्ठांच्या हाताखाली मिळकत तुटपुंजीच असते, घरच्यांनी तेवढी तजवीज ठेवावी. न्यायाधीश व्हायचं असलं तरी २०२५ च्या निकालाने आधी तीन वर्षं वकिली करावीच लागते. प्रवेशाआधी मुलीला एक दिवस जिल्हा न्यायालयात घेऊन जा. सुनावणी खुली असते. मागच्या बाकावर बसून एखाद्या साक्षीदाराचा उलटतपास तिला पुरता ऐकू द्या, मग निर्णय घ्या.