चाक मोडल्याचा आनंद

चि. मनू,


तुझं पत्र परवा मिळालं. विधी सेवेतून आलेली ती केबलचोरीची केस सोडून द्यावी, असं तुझ्या मनात घोळतंय. आरोपी दारू पितो, विचारावं एक तर सांगतो दुसरंच, आणि गेल्या तारखेला तुलाच म्हणाला, ‘फुकटची वकील काय कामाची!’ मला हसू आलं, रागावू नकोस. पुढे तू लिहितेस, ‘आप्पाकाका, तुमच्या गोष्टींतली निरपराध माणसं अशी नसायची.’

ती चूक माझी. ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ कादंबरीतली मी तुला सांगायचो ती कोझेत. नाताळची आदली रात्र, आठ वर्षांची पोर रानातल्या झऱ्यावरून भरलेली बादली ओढत आणतेय, आणि अंधारातून एक भलामोठा हात येऊन बादलीची कडी धरतो. तिथे तू दर वेळी माझी बाही पकडायचीस. पण त्याच कादंबरीत कोझेतच्या या प्रसंगाआधी आणखी एक निरपराध येतो. त्याला मी गाळत आलो, कारण त्याच्यात पोरांना आवडावं असं काहीच नाही.

शांमातिए त्याचं नाव. म्हातारा, मळका, मठ्ठ. सफरचंदं लगडलेली मोडकी फांदी हातात असताना पकडला गेला. म्हणे, खाली पडलेली उचलली. एवढ्यावर थोडक्यात सुटला असता, पण तुरुंगातला एक जुना कैदी म्हणाला, हा तर आमच्याबरोबर सजा भोगलेला ज्यां व्हालज्यां! मग आणखी दोन कैद्यांनी ओळखला, खुद्द जाव्हेर या पोलीस अधिकाऱ्याने ओळखला. झालं. साधा फळचोर राहिला नाही, सराईत गुन्हेगार ठरला, म्हणजे जन्मभर सक्तमजुरी. आणि खरा व्हालज्यां दुसऱ्या गावी नाव बदलून नगराध्यक्ष झालेला.

ही बातमी कळल्यावरची त्याची ती रात्र तू आता वाच. (पुस्तकातली वॉटर्लूची लढाई खुशाल गाळ, मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा पस्तावलो.) गप्प बसायला त्याच्याकडे सबबी नव्हत्या, चांगली कारणं होती. त्याच्या कारखान्यावर गाव जेवत होतं. कोझेतची आई फांतीन अंथरुणाला खिळलेली, तिच्या पोरीला आणून देण्याचा शब्द त्याने दिलेला. एका पारड्यात हे सगळं, दुसऱ्यात एक म्हातारा, ज्याच्यासाठी रडायला कुत्रंही नाही. ह्यूगोने तराजू असा मुद्दाम धरलाय. शांमातिए गोजिरवाणा असता तर परीक्षा कसली?

मग व्हालज्यां भाड्याच्या दुचाकी गाडीतून शांमातिएचा खटला चाललेल्या अरासच्या कोर्टाकडे निघतो. वाटेत टपालगाडीची धडक बसून चाक मोडतं. दुरुस्तीला दिवस जाणार, दुसरी गाडी मिळत नाही. आणि हा माणूस मनातून सुखावतो! आपण निघालो होतो, आता चाकच मोडलं, आपला काय दोष? 1862 सालच्या या पुस्तकातलं मला सगळ्यात खरं वाटतं ते हे सुख. तेवढ्यात एक म्हातारी येते, म्हणते, माझ्याकडे छकडा आहे. त्याला घाम फुटतो.

हे सुख मला ठाऊक आहे. तुला सांगितलं नाही कधी, तुझ्या बाबालाही नाही. मी कोर्टात लघुलेखक होतो तेव्हाची गोष्ट. एका चोरीच्या खटल्यात साक्षीदाराला आरोपी ओळखायचा होता. पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात, पाण्याच्या माठापाशी, एकाने त्याला बाकावरच्या आरोपीकडे बोट करून दाखवलं. मी माठातून पाणी घेत होतो, पेला माझ्या हातात होता. आत गेल्यावर साक्षीदाराने तेच बोट तिकडेच केलं आणि मी ते लिहून घेतलं. वाटलं, जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या कानावर घालू. सुट्टीत साहेबांकडे पाहुणे आले. मला इतकं हलकं वाटलं की मी डबा पोटभर खाल्ला. संध्याकाळपर्यंत तर पटलंसुद्धा की लघुलेखकाने बोलायचं नसतं. त्या माणसाला सजा झाली. चोर तो होता की नव्हता, देव जाणे, पण ती ओळख खोटी होती आणि ते मला माहीत होतं. माझ्या दारी कुणी म्हातारी छकडा घेऊन आली नाही. की आली होती आणि मीच दार उघडलं नाही?

व्हालज्यां कोर्टात पोचतो, तरी आतल्या दाराची पितळी मूठ बघून मागे पळतो, मग परत येतो. उभा राहून नाव सांगतो तर कुणाचा विश्वास बसत नाही. शेवटी त्या तीन कैद्यांच्या खुणा सांगाव्या लागतात: कुणाचा पट्टा कसा होता, कुणाचा खांदा कुठे भाजलाय, कुणाच्या हातावर कोणती तारीख गोंदलीय. भाषणाने नाही, तपशिलाने सुटतो शांमातिए. पुढे व्हालज्यांला अटक होते, फांतीन मुलीला न बघता मरते, गावाचा धंदा बसतो, कोझेतची बादली आणखी काही महिने तिच्याच हातात राहते. ह्यूगो यातलं काही लपवत नाही. आणि शांमातिए? आभार नाही, नमस्कार नाही. सगळी माणसं वेडी झालीत असं समजून, काही न कळता, तो चालू लागतो.

तुझा माणूस केबल चोरणारा आहे की नाही, मला माहीत नाही, तुलाही नाही. पण दोन साक्षीदारांनी रात्री, विहिरीपाशी, टॉर्चच्या उजेडात ओळखला म्हणतेस, तर ओळख परेडचा पंचनामा काढ. डमी कसल्या वयाचे, कसल्या अंगलटीचे उभे केले होते ते बघ. परेडच्या आधी त्याला कुठे बसवला होता आणि तिथून साक्षीदार गेले होते का, हे उलटतपासणीत विचार. माठ कुठे असतो तेही विचार.

तुझ्या काकूने शेंगदाण्याची चटणी केलीय, येणाऱ्याबरोबर पाठवतो. पुढची तारीख कळव. मी येऊन मागच्या बाकावर बसेन.

तुझा,
आप्पाकाका