वऱ्हाडांतील हिंवाळा व गारपिटीचा धोका

हिमालयावर हिम पडल्याचें वृत्त आलें म्हणजे त्याचा आपल्या शेताशीं काय संबंध, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. अकोला-अमरावतीकडे हिम पडत नाहीं, हें खरें. परंतु ज्या वातचक्रांमुळें तें तेथें पडतें, त्यांचाच परिणाम आपणांस प्रथम थंडीच्या व पुढें कधीं कधीं गारांच्या रूपानें भोगावा लागतो.

हीं वातचक्रें भूमध्य समुद्राकडून इराणमार्गे पूर्वेस येतात. एखादें चक्र पुढें सरकलें कीं त्यामागून उत्तरेचा कोरडा, गार वारा सातपुडा ओलांडून वऱ्हाडांत उतरतो. आकाश निरभ्र व वारा पडलेला असल्यास जमिनीची उष्णता रात्रींतून झपाट्यानें निघून जाते. सुमारें ३,६०० फूट उंचीच्या चिखलदऱ्यास तर क्वचित् गवतावरील दंवही गोठतें. ही थंडी गव्हास मानवते. पण फुलोऱ्यांतील हरभरा, तसेंच अकोट-अंजनगांवकडील केळी व पानमळे यांस बाधते. अशा वेळीं सायंकाळीं हलकें ओलीत द्यावें. ओली जमीन कोरडीपेक्षां अधिक उष्णता धरून ठेवते.

खरा धोका पुढें, माघ-फाल्गुनांत असतो. बंगालच्या उपसागरावरील दमट वारा व वायव्येचा थंड वारा यांची मध्य भारतावर गांठ पडली म्हणजे उंच ढग उभे राहतात, आणि त्यांतील गारा पुरत्या वितळण्यापूर्वींच भुईवर येतात. २०१४ सालीं फेब्रुवारीअखेर व मार्चांत, तसेंच ११ फेब्रुवारी २०१८ रोजीं, विदर्भ-मराठवाड्यांत गारांनीं काढणीस आलेला हरभरा व गहूं झोडपून काढला. संत्र्याचें नुकसान दुहेरी होतें; कारण या दिवसांत कोठें मृग बहाराचीं फळें तोडणीस आलेलीं असतात, तर कोठें आंबिया बहार फुललेला असतो.

थंडी अकस्मात् मोडली, वारा आग्नेयेकडून वाहूं लागला व दुपारीं उकाडा झाला, तर सावध व्हावें. परंतु केवळ आभाळावर विसंबूं नये. नागपूर येथील हवामान केंद्राचा अंदाज व अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचा सल्ला पाहावा. घाटे वाळले असतां ‘आणखी चार दिवस थांबूं’ असें म्हणूं नये. सोंगणी उरकून गंजी उंचवट्यावर लावावी व ताडपत्रीनें झांकावी. उभ्या गव्हास ओलीत देऊं नये. ओल्या जमिनींत तो वाऱ्यानें लोळतो. विजा चमकत असतां झाडाखालीं उभें राहूं नये.

गारपीट होऊन गेल्यावर नुकसानीचीं छायाचित्रें घेऊन तलाठ्यास ताबडतोब कळवावें व पंचनामा करून घ्यावा. नंतर संत्र्याच्या मोडक्या फांद्या छाटून जखमांवर बोर्डो मलम लावावा. त्यासाठीं मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हें प्रमाण घ्यावें.

गारा थोपविणें आपल्या हातीं नाहीं. पिकलेलें धान्य वेळेवर खळ्यांत आणणें मात्र आहे.