कबुतराची जाळी मांजराला पुरत नाही

शहरातल्या बहुतेक बाल्कन्यांना आता नायलॉनची जाळी असतेच, आणि घरात मांजर आलं की मंडळी त्याच जाळीच्या भरवशावर दार सताड उघडं ठेवतात. पण ती जाळी बसवली आहे कबुतरासाठी. कबूतर बाहेरून येतं, जाळीला जेमतेम टेकतं आणि फिरून जातं. मांजर आतून येतं. चार-पाच किलोंचा जीव, तोही पाखरामागे सुसाट. वर नखं रोवून चढणार, कंटाळा आला की दाढेने दोरा कुरतडणार. जाळीचा मधला भाग हे सगळं बऱ्यापैकी सोसतो. दगा देते ती कड, त्यातही खालचा कोपरा. म्हणून पुढच्या कृतीत जाळीपेक्षा कडेचंच बोलणं जास्त आहे.

‘मांजर पडत नाही, पडलं तरी पायांवर पडतं’ असं सांगणारं कोणी ना कोणी भेटतंच. हवेत वळून पाय खाली घेण्याचं कसब त्याच्या अंगी असतं, हे खरं. पण कबुतरावर नजर खिळलेली असताना ॲल्युमिनियमच्या पट्टीवर किंवा काचेच्या कठड्यावर त्याची नखं काय धरणार? न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये आलेल्या, उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध झाली. उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली. हा आकडा लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. पण जी जागीच गेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार, हे विचारत नाहीत. वाचलेल्यांच्या नशिबीही छातीला मार, फुटलेला जबडा, मोडलेले पाय होतेच.

सुरुवात टेपने करू नका. आधी बाल्कनीत फरशीवर बसा, डोकं कठड्याच्या पायाशी न्या आणि बाहेर बघा. उभ्याने न दिसणाऱ्या फटी इथून दिसतात: काचेच्या कठड्याखालची पोकळी, पावसाचं पाणी जायचं भोक, एसीचे पाइप बाहेर गेलेत तिथली जागा, भिंत आणि ग्रिल यांच्यातली बोटभर म्हणता म्हणता मूठभर झालेली फट. मांजराचं गळपट्टीचं हाड खांद्याला पक्कं जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की मागचं अंग बहुधा जातंच. टेबल टेनिसचा चेंडू हाती घ्या. तो ४० मिलिमीटरचा असतो. जिथून चेंडू पार होतो ती प्रत्येक जागा बंद करायच्या यादीत टाका. घरात पिल्लू असेल तर एक इंचापेक्षा मोठं काहीच उघडं नको. यादी झाली की मग मापं घ्या, आणि कठड्यापुरती नव्हे, फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत. अर्धी उंची बंद करून वर मोकळं सोडणं म्हणजे मांजराला शिडी लावून देणं.

आता जाळी. नायलॉनची स्वस्त आणि नजरेला हलकी असते, पण उन्हाने कडक होते आणि दातांपुढे टिकत नाही. शांत, वयस्क मांजरासाठी एक इंची घराची जाड नायलॉन जाळी चालेल, मात्र दर वर्षी तपासण्याची तयारी हवी. तरण्या, चढाऊ मांजरासाठी मी वेल्डमेशच घ्या म्हणेन: एक इंच बाय एक इंच चौकोन, दीड-दोन मिलिमीटर तार. पुण्या-नाशकात गॅल्व्हनाइज्ड चालून जातं. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या वाऱ्याच्या गावी मात्र कापलेल्या टोकांपासून गंज धरतो. तिथे स्टेनलेस घ्यावं, आणि खिसा परवानगी देत असेल तर ३०४ऐवजी ३१६ ग्रेडचं. सध्या फॅशनमध्ये असलेलं इनव्हिजिबल ग्रिल, म्हणजे उभ्या स्टीलच्या तारा, लहान मुलांच्या सुरक्षेसाठी दोन-तीन इंचांवर ओढलेलं असतं. पिल्लू त्यातून सरळ निघून जातं, मोठं मांजर तारा फाकवतं. ते आधीच बसवलेलं असेल तर काढू नका. आतून जाळी जोडा.

ड्रिल हाती घेण्याआधी सोसायटीला पत्र द्या. समितीला आक्षेप असतो तो इमारतीचं बाहेरचं रूप बदलण्याला, म्हणून ‘जाळी कठड्याच्या आतल्या बाजूने बसेल’ हे वाक्य पत्रात ठळक लिहा. आतून बसवण्याचे आणखीही फायदे आहेत. कारागिराला आठव्या मजल्यावर कठड्याबाहेर वाकावं लागत नाही, आणि मांजराला कठड्यावर चढायला जागाच राहत नाही. चार-सहा इंच बाल्कनी कमी होते, एवढंच.

इतर सामान असं: प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि स्टीलचे आयहुक, तीन मिलिमीटरची स्टीलची वायर रोप, ती ताणायला टर्नबकल, बांधायला स्टीलची बारीक तार किंवा काळे केबल टाय, सिलिकॉन, कानस. केबल टाय काळेच घ्या. साधे पांढरे उन्हात ठिसूळ होतात आणि एके दिवशी नुसत्या बोटाने तुटतात.

भोकं स्लॅब, बीम आणि बाजूच्या भिंतींत पाडा. प्लॅस्टर ओलांडून आत काँक्रीट किंवा वीट लागली पाहिजे. नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसलेला हुक हाताने ओढला तरी बाहेर येतो. टाइल असेल तर हॅमर बंद ठेवून सावकाश सुरुवात करा. फरशीला मात्र हात लावायचा नाही. तिथलं वॉटरप्रूफिंग फुटलं की पहिल्याच पावसात खालच्या मजल्यावरच्या काकू छताचा डाग दाखवायला वर येतील. खालची ओळ कठड्याच्या पायाशी असलेल्या छोट्या कट्ट्याच्या उभ्या अंगात घ्या. कट्टा नसेल तर फरशीला टेकणारी ॲल्युमिनियमची पट्टी टाकून ती दोन्ही भिंतींना आणि कठड्याच्या खांबांना आवळा. वर आणि बाजूंना आठ-नऊ इंचांवर हुक पुरतो, खाली सहा इंचांवर हवा. जाळीवाला ‘एवढे कशाला’ म्हणेल. तो कबुतराचा हिशेब करतोय. प्रत्येक भोकात हुक घट्ट झाला की वरून सिलिकॉन भरा.

मग सगळ्या हुकांतून वायर रोप ओवून चौफेर फिरवा आणि टर्नबकलने ताणा. ही तार नसेल तर जाळी फक्त हुकापाशी धरलेली राहते आणि दोन हुकांच्या मधे मांजर डोकं खुपसतं. तार असली की कड सलग होते. वेल्डमेश या तारेला दर तीन-चार इंचांवर बांधा, खालच्या कोपऱ्यांत दुहेरी. मेशचे दोन तुकडे जोडायचे असतील तर कडा नुसत्या भिडवू नका, दोन घरं एकमेकांवर चढवून शिवा. कापलेली टोकं कानशीने घासा किंवा बाहेरच्या अंगाला वळवा.

एका कोपऱ्यात उघडणारी चौकट ठेवाच. एसीचा मेकॅनिक येतो, कपडा खाली पडतो, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायला वाट हवी. कडी बाहेर ढकलून सुटणारी नको. वर एक आणि खाली एक, माणसाच्या बोटानेच निघेल अशी. कुलूप लावलंत तर किल्ली बाल्कनीतच, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी टांगा.

भाड्याचं घर आणि घरमालक भोकांना नाही म्हणतो, अशी वेळ आली तर फॅब्रिकेटरकडून स्क्रूने लांबी वाढणारे, जमीन आणि छत यांच्यात घट्ट बसणारे उभे पाइप करून घ्या आणि त्यांना जाळी बांधा. तेही जमत नसेल तर बाल्कनीचं दार बंद आणि खिडकीला जाळी. ‘मी लक्ष ठेवतो’ ही सोय नव्हे.

मांजराला आत सोडण्याआधी परीक्षा घ्या. जाळीला खालून वर, दर फुटावर, तळव्याने जोर देऊन ढकला आणि कडेपाशी फट पडते का ते बघा. कोपऱ्यात गुडघा टेकवून अंगाचा भार द्या. रात्री दिवे मालवून कोणालातरी आतून कडेकडेने टॉर्च फिरवायला सांगा. उजेड जाळीच्या घरांतून सारखा येईल, फटीतून मोठा येईल. पहिला आठवडा तुम्ही बाल्कनीत असाल तेव्हाच दार उघडा. कुठला कोपरा मांजर पुन्हा पुन्हा हुंगतं आणि पंजाने खाजवतं ते पाहा. तिथे आणखी चार गाठी मारा.

जाळी झाली म्हणजे बाल्कनी झाली असं नाही. कुंड्या तपासा. लिली असेल तर आजच घराबाहेर काढा. तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कण्हेर, अडेनियम आणि सायकस यांनाही निरोप द्या. मनी प्लांट आणि डिफेनबाखियाने तोंड पोळतं, ती उंच टांगा. तुळस, गुलाब, अरेका पाम राहू देत, आणि एका पसरट कुंडीत गहू पेरा, चघळायला. फरशी पुसायला फिनाइल वापरू नका: मांजर पाय चाटतं आणि फेनॉल पचवणं त्याच्या यकृताला जमत नाही. पर्मेथ्रिन असलेल्या कीटकनाशकांचंही तेच. वॉशिंग मशीन बाल्कनीत असेल तर सुरू करण्यापूर्वी ड्रममध्ये हात घालून बघा. कपड्यांच्या कप्पीची दोरी वर गुंडाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली आणि पाणी नसेल तर दार बंद. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते उन्हाने हैराण झालंय, थेट डॉक्टर गाठा.

पावसाळ्याआधी आणि नंतर गाठी, टर्नबकल आणि गंज बघा. सैल तार पुन्हा ताणायला दहा मिनिटं लागतात.

इतकं करूनही मांजर कधी पडलंच, तर आधी इमारतीच्या पायथ्याशीच शोधा. घाबरलेलं मांजर लांब पळत नाही, गाडीखाली किंवा झुडपात दडतं. उचलताना अंग वाकवू नका. फळीवर किंवा पुठ्ठ्यावर सरकवून टोपलीत ठेवा. चालतंय, खातंय म्हणून घरी आणू नका. छातीतला मार बाहेरून दिसत नाही. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल टॅक्सीवाल्यांनाही ठाऊक असतं. तुमच्या गावात रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि वेदना कमी व्हावी म्हणून घरातली क्रोसिन अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.