फ्लशला दिलेली पाच मिनिटं

माझ्या छोट्या कर्नलसाठी व्हर्टआयओ-ब्लॉकचा ड्रायव्हर लिहिताना रीड-राइट जमायला आठवडा गेला. फ्लशला पाच मिनिटं दिली. विनंतीचा प्रकार 4 आला की काही न करता ‘झालं’ म्हणून परत फिरायचं, एवढी एकच ओळ. चाचण्या पास, वेगही झकास.

तरी खात्री म्हणून लिहिणं चालू असतानाच क्यूईएमयूची प्रोसेस दहा-बारा वेळा किल केली. एकदाही डेटा गेला नाही. इथेच फसलो. प्रोसेस मेली तरी तिने लिहिलेलं होस्टच्या पेज कॅशमध्ये शाबूत असतं. होस्ट ते सवडीने डिस्कवर नेतो. खरी परीक्षा होस्टची वीज जाण्याची. ती एका दुपारी आमच्या इन्व्हर्टरने मान टाकून घेतली. मशीन उठलं तर जर्नलमध्ये कमिटची नोंद होती, पण जिच्या भरवशावर ती नोंद होती तो डेटाच नव्हता.

गंमत म्हणजे फ्लशचा फीचर बिट, 9 क्रमांकाचा, मी स्वीकारलाच नसता तर क्यूईएमयूने आपणहून राइटथ्रू धरलं असतं. हळू चाललं असतं, पण डेटा वाचला असता. मी बिट स्वीकारला आणि फ्लश पाठवलाच नाही.

आता फ्लश रांगेत घालतो, सेक्टर 0 ठेवतो आणि स्टेटस बाइट येईपर्यंत वरच्याला उत्तर देत नाही. 0 आला तरच यश. 1 आला तर एरर जशीच्या तशी वर पाठवायची; पुन्हा प्रयत्न करून झाकायची नाही. फेल झालेल्या एफसिंकनंतर दुसरा एफसिंक खोटंच यश सांगू शकतो, हे पोस्टग्रेसवाल्यांना 2018 मध्ये कळलं, तेही महागात. आणि एक: फ्लशची हमी फक्त आधीच पूर्ण झालेल्या राइटना लागू असते. रांगेत असलेल्यांना नाही. लिनक्समध्ये हा क्रम ब्लॉक लेयर आणि फाइलसिस्टीम सांभाळतात. स्वतःचं कर्नल लिहिणाऱ्याला तो स्वतःच सांभाळावा लागतो.

वेगाचा संशय मी तेव्हाच घ्यायला हवा होता. 7200 आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. तिच्यावर एकामागून एक हजारो फ्लश होत असतील, तर कुणीतरी थाप मारतंय.

तुमचा ड्रायव्हर तपासायचा असेल, तर क्यूईएमयूचा कॅश मोड ‘अनसेफ’ नाही ना, तेवढं आधी पाहा. त्यात क्यूईएमयू फ्लश सोडूनच देतं. मग होस्टवर क्यूईएमयूला एसट्रेस लावा आणि गेस्टमध्ये एफसिंक करा. एफडेटासिंकची ओळ उमटली नाही, तर ड्रायव्हर उघडून 4 समोर काय लिहिलंय ते वाचा.