टेकडी, फुटपाथ आणि पिशवीतला टेप

निवृत्तीनंतर काय करणार असं कुणी विचारलं, की मी ‘फिरणार’ म्हणायचो. लोकांना वाटायचं, चारधाम नाहीतर युरोप. प्रत्यक्षात मी फिरलो ते पुण्यातल्या पुण्यात. आमच्या भागातल्या नागरिकांचा एक गट टेकडीवरच्या वाटा आणि रस्त्याकडेचे फुटपाथ यांच्या मागे लागलेला होता. त्यात मी कसा शिरलो ते आता आठवत नाही. बाहेर कसं पडायचं हेही अजून सुचलेलं नाही. तेवढ्या काळात जे उमगलं ते असं.

१. पायवाट आपण करत नाही, ती आधीच झालेली असते. आमच्या बैठकांत नकाशा पसरून वाटा आखायचा उत्साह फार. पण वेताळ टेकडीवर किंवा हनुमान टेकडीवर पाहा: कामावर निघालेल्या बायका, शेळ्या, क्लास चुकवणारी पोरं या सगळ्यांनी मिळून कधीच सर्वेक्षण करून ठेवलंय. चढ कुठे सोसतो, सावली कुठे मिळते, घसरायला कुठे होतं, सगळं त्यात आलं. कागदावरची वळणदार वाट चित्रात देखणी दिसते. लोक तिला मधोमध छेद देऊन सरळ जातात. हल्ली मी नकाशा उघडायच्या आधी गवत कुठे मेलंय ते बघतो.

२. वाटेची वाट लावतं ते पाणी. माणसाचा नंबर नंतरचा. हे मला पावसाळ्याने शिकवलं. पायाखाली चेपून जमीन कडक आणि खोलगट झाली, की पहिल्या जोरदार सरीला वाटेचा ओढा होतो. माती वाहून जाते, मुरूम उघडा पडतो, मग लोक चिखल टाळायला कडेच्या गवतातून चालतात. दोन पावसाळ्यांत एकीच्या तीन वाटा. यावरचा उपाय अगदी साधा: वाटेवर दगडांची आडवी ओळ बसवायची, पण काटकोनात नाही, जराशी तिरकी, म्हणजे पाणी अडत नाही, बाजूच्या गवतात उतरतं. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडलेला हवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी ठेचेने तो हलतो. एका मजुराने मला हे करून दाखवलं. त्याने हातात लेव्हल घेतली नाही. बाटलीतलं पाणी ओतलं आणि ते कुठे जातंय ते नुसतं पाहिलं. माझ्याकडे तेव्हा उतार मोजायचं ॲप होतं.

३. हिरवं दिसतं म्हणून टेकडी ठीक आहे असं समजू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर गुलाबी फुलांचा जो बहर येतो, तो गिरिपुष्पाचा, म्हणजे ग्लिरिसिडियाचा. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. उजाड टेकड्या लवकर झाकायच्या म्हणून लावलं, आणि त्याने ते काम इतकं मनावर घेतलं, की त्याच्या दाटीखाली गवत उगवेना. या टेकड्यांचा मूळ स्वभाव गवताळ, झुडपांचा. अधूनमधून सालई, मोई, काटेसावर. चंडोल आणि तित्तिर जमिनीवरच घरटं करतात, त्यांना मोकळं गवत लागतं. पण मे महिन्यात पिवळी पडलेली टेकडी बघितली की आपला जीव कासावीस होतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण कुदळी घेऊन हजर. वृक्षारोपणाच्या फोटोत मीही हसताना सापडेन. गवताचं संरक्षण केल्याचा फोटो कसा काढायचा, हा प्रश्न अजून आमच्या गटात कुणाला सुटलेला नाही.

४. फुटपाथ आहे आणि फुटपाथवर चालता येतं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष तर त्याच्याही आधीचे: चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हे वाचल्यापासून मी पिशवीत टेप घेऊन हिंडायला लागलो. बायको भाजीची पिशवी वेगळी नेऊ लागली. एकदा अशीच एका नव्या, चांगल्या रुंद फुटपाथची उंची मोजत होतो आणि शेजारून एक काकू चक्क रस्त्यावरून, रिक्षांना चुकवत निघाल्या होत्या. मी म्हटलं, “काकू, इतका छान फुटपाथ केलाय, वर या ना.” त्या म्हणाल्या, “अहो, दर फाटकापाशी उतरायचं आणि परत चढायचं. एवढे गुडघे असते तर टेकडीवरच गेले नसते का?” मी मागे वळून पाहिलं. खरंच, प्रत्येक सोसायटीच्या गाडीसाठी फुटपाथ खाली वाकला होता. गाडीने थोडं वर चढावं आणि माणसाने सपाट चालावं, हे उलटंही करता येतं. जगात अनेक ठिकाणी तसंच करतात. आम्ही मात्र रुंदी, फरशी, बाक आणि कुंड्या यांवर चर्चा करत होतो.

५. स्कूटर अडवणारा खांब व्हीलचेअरही अडवतो. खुर्चीला साधारण ९० सेंटिमीटर जागा लागते, स्कूटर त्याहून कमी जागेतून सुटते. या गणिताला उत्तर नाही. खांब लांब लांब ठेवावेत आणि स्कूटरवाल्याशी भांडावं, एवढंच हाती राहतं. आणि त्या भांडणात पुणेकर कमी पडत नाही.

६. पैसा बांधायला मिळतो, सांभाळायला मिळत नाही. नव्या जॉगिंग ट्रॅकला फीत असते, नामफलक असतो, नारळ असतो. उखडलेला पेव्हर ब्लॉक परत बसवायला यातलं काहीच नसतं. म्हणून बसवलेलं काढून पुन्हा नवं बसवणं सोपं जातं. आमच्या एका पत्राला उत्तर आलं की दुरुस्तीची तरतूद संपली आहे. त्याच रस्त्यावर सुशोभीकरणाची निविदा मात्र निघालेली होती.

७. तुकडे जोडले नाहीत तर वाटांना अर्थ नाही. १९९७ साली शहरात आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखीव आहे. पुष्कळशी खासगी मालकीची. कागदावर हिरवा रंग आहे, पण पायथ्याशी पोहोचायला सहा पदरी रस्ता ओलांडावा लागतो. म्हणून मुठेचा उजवा कालवा मला फार महत्त्वाचा वाटतो. खडकवासल्याहून पर्वतीजवळून हडपसरकडे जाणारी ही शहरातली एकमेव लांब, सलग आणि जवळजवळ सपाट रेघ. कालव्याला उतार बेताचाच लागतो, आणि काकूंच्या गुडघ्यांनाही. दांडेकर पुलाजवळ २०१८ मध्ये तो फुटला तेव्हा काठच्या वस्तीत पाणी शिरलं, संसार वाहून गेले. काठावर राहणाऱ्यांना वगळून तिथे कसली हिरवी वाट करता येणार नाही, हेही तेव्हाच कळलं. आता खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी न्यायचं ठरतंय. मग मोकळ्या होणाऱ्या जागेवर काय? गाड्यांसाठी रस्ता, हे उत्तर न विचारताच तयार असतं.

८. मोर्चापेक्षा हरकतीचा कागद जास्त टिकतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली. तो दिवस मी विसरणार नाही. पण शहराच्या विकास आराखड्यातला बदल कुठल्याशा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येतो आणि हरकतीला साधारण महिन्याभराची मुदत असते. तुमच्या गावातही अशी एखादी टेकडी, नदीकाठ किंवा बंद पडलेला कालवा असेलच. ते बारीक टायपातलं वाचत जा. हरकत मराठीत, स्वतःच्या शब्दांत आणि सहीनिशी द्या. छापील मसुद्यांचे गठ्ठे एकच हरकत म्हणून बाजूला पडतात. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.