कांदाचाळीच्या हिशेबावरून प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा

उन्हाळ कांदा निघायच्या तोंडावर नामपूर परिसरात चाळ बांधणाऱ्या मिस्त्रींना आणि वेल्डिंगवाल्यांना दम घ्यायला फुरसत नसते. "पंधरा दिवसांत चाळ उभी करून देतो" असा वायदा होतो, आणि विसाव्या दिवशी पत्रे चढत असतात. हाच वायदा कागदावर कसा मांडावा व कसा पाळावा, याचे एक शास्त्र आहे. त्याची परीक्षाही होते आणि उत्तीर्ण झालेल्याला जगभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. खाडी देशांत मोठ्या बांधकामांवर सुपरवायझरच्या पुढची जागा हवी असेल तर हा कागद कामी येतो.

1969 साली अमेरिकेत स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही परीक्षा घेते. तिची पीएमपी ही मोठी परीक्षा 1984 पासून आहे. पदवी नसलेल्यालाही ती देता येते. पण प्रकल्प चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव आणि 35 तासांचे शिक्षण दाखवावे लागते. बारावी झालेल्या, आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलांनी आधी सीएपीएम ही धाकटी परीक्षा द्यावी हे बरे. तिला अनुभवाची अट नाही, 23 तासांचे शिक्षण पुरते. तीन तासांत 150 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. मराठीत ही परीक्षा होत नाही, त्यामुळे इंग्रजी वाचनाचा वेग वाढवणे हा तयारीचा पहिला भाग समजावा.

आता मूळ अभ्यासाकडे वळू. समजा, एका चाळीचे काम असे आहे : आखणी व खोदाई 2 दिवस. त्यानंतर पायाचे काँक्रीट, पाणी मारण्यासह, 7 दिवस. आखणीची मापे मिळाली की वर्कशॉपमध्ये लोखंडी कैच्या, 6 दिवस. पाया आणि कैच्या दोन्ही तयार झाल्यावर उभारणी, 3 दिवस. उभारणीनंतर एक टोळी पत्रे टाकते, 2 दिवस. दुसरी टोळी बांबूचे काम करते, 4 दिवस. शेवटी सफाई व ताबा, 1 दिवस.

सगळ्याची बेरीज 25 होते, पण चाळीला 25 दिवस लागत नाहीत. काही कामे एकाच वेळी चालतात. पाया आणि बांबू यांच्या वाटेने मोजा : 2 + 7 + 3 + 4 + 1 = 17. कैच्यांच्या वाटेने 2 + 6 + 3 + 4 + 1 = 16. सर्वांत लांब वाट 17 दिवसांची, आणि तितके दिवस लागणारच. हिला परीक्षेत क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी बसवली.

यातून धंद्याची एक गोष्ट कळते. कैच्यांना एक दिवसाची सवड आहे, पत्र्यांना दोन दिवसांची. वेल्डरला रात्री जागवून कैच्या दोन दिवस आधी केल्या तरी चाळ एक तासही लवकर होणार नाही, कारण पाया अजून वाळतोय. ओव्हरटाइमचे पैसे मात्र गेले. असा खर्च आपल्यापैकी कितीजण दर हंगामाला करतात!

दिवसांचा अंदाजही एकाच आकड्यावर ठेवू नये. बांबूचे काम सगळे जुळले तर 3 दिवस, एरवी 4, आणि माल अडकला किंवा मजूर ईदला गावी गेले तर 11. सूत्र असे : मधल्या आकड्याची चौपट घ्या, त्यात दोन्ही टोके मिळवा, सहाने भागा. 3 + 16 + 11 = 30, भागिले 6 म्हणजे 5. वायदा 17 चा नव्हे, 18 चा करावा. सणाच्या सुट्ट्या आधीच ठाऊक असतात, त्या तर सरळ कॅलेंडरातच धराव्यात.

पैशाचा हिशेब असा. मजुरीचा ठेका 1,00,000 रुपयांचा. दहाव्या दिवशी 60,000 चे काम व्हायला हवे होते, झाले 48,000 चे आणि खर्ची पडले 54,000. आपला मिस्त्री म्हणेल, ठेक्यातले 46,000 अजून शिल्लक आहेत, चिंता नाही. पण झालेल्या कामाला खर्चाने भागा : 0.89. म्हणजे रुपयाला 89 पैशांचे काम होत आहे. याच चालीने शेवटी खर्च 1,12,500 वर जाईल, साडेबारा हजार खिशातून. 48 भागिले 60 म्हणजे 0.8, याचा अर्थ कामही मागे आहे.

गणिते सोपी आहेत. अनुभवी माणूस अडकतो तो वेगळ्याच प्रश्नावर. काम निम्म्यावर असताना मालक म्हणतो, "मिस्त्री, चाळ आणखी दहा फूट वाढवा." तुम्ही आधी काय कराल? आपल्याकडे उत्तर ठरलेले : "हो दादा, करून टाकू." पैशाचे नंतर बोलू, आणि नंतर भांडण. परीक्षेत हे उत्तर चुकीचे. सरळ नकार देणेही चुकीचे. वाढीमुळे किती दिवस, किती पैसे, किती माल लागेल ते आधी मोजावे, मालकाची लेखी संमती घ्यावी, मगच खड्डा खोदावा. वीस वर्षांचा उस्ताद इथे गुण गमावतो आणि पुस्तक वाचलेला पोरगा मिळवतो. म्हणून उत्तर देताना हाताची सवय जरा बाजूला ठेवावी.

संकटाची यादी आधी करणे हाही अभ्यासाचा भाग आहे. 1990 साली सुरू झालेल्या कोकण रेल्वेच्या कामात पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीने फार सतावले; पूर्ण मार्ग 1998 च्या जानेवारीत खुला झाला. आपल्याकडे त्या मातीच्या जागी बेमोसमी पाऊस आणि गारपीट लिहावी, व पुढे उपाय लिहावा : ताडपत्री कोण आणणार, कुठून.

तयारीला तीन महिने, रोज दीड तास धरावेत. पहिल्या महिन्यात शब्द आणि कल्पना, पुढे सराव प्रश्न. चुकलेला प्रश्न वहीत उतरवून का चुकला ते लिहावे. नुसती उत्तरे घोकणारा परीक्षेत शब्द बदलला की गडबडतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. "पैसे द्या, आमचा माणूस परीक्षेला बसेल" असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. शुल्क आणि नियम बदलतात, ते संस्थेकडूनच तपासून घ्यावेत. पीएमपीच्या अर्जाची पडताळणी होऊ शकते, म्हणून कामाची तारीख, मालकाचे नाव, आपली जबाबदारी आजपासूनच वहीत टिपावी.

सरावाला एक प्रश्न : वरच्या चाळीत लोखंड उशिरा आले आणि कैच्यांना 6 ऐवजी 9 दिवस लागले, तर चाळ किती दिवसांत होईल? 20 म्हणाल तर चूक. उत्तर 19 आहे.