इंधन व वीज यांचा घरगुती ताळेबंद

(इयत्ता 5 ते 7. विषय : सामान्य विज्ञान, गणित व परिसर अभ्यास)

हेतू. घरात जळणारे सरपण, गॅस व वीज यांचा हिशेब मुलांस ठेवता यावा आणि काटकसर म्हणजे उणीव सोसणे नव्हे, तर जे आहे ते मोजून वापरणे होय, हे त्यांच्या मनावर बिंबावे, हा या पाठाचा हेतू आहे.

विषयप्रवेश. पाठाचा आरंभ विजेपासून न करता पाण्यापासून करावा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी सुमारे 400 मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि माणसे कामासाठी गाव सोडू लागली, असे दिवस या गावाने पाहिले. 1989 साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे घातले, झाडे लावली. पुढे शेतीसाठी कूपनलिका खोदणे आणि ऊस, केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके घेणे बंद केले. पावसाचे व विहिरींचे माप घेऊन, पिण्याचे व गुरांचे पाणी आधी बाजूस काढून, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरू लागले. हाच पाण्याचा ताळेबंद होय. येथे मुलांस विचारावे : गाव जे पाण्याचे करते, ते घराला इंधनाचे व विजेचे करता येईल काय?

विवेचन. पंचसूत्रीतील दोन बंधने व विहिरीची पातळी यांवरून पुढील तीन गोष्टी उलगडून दाखवाव्यात.

(1) कुऱ्हाडबंदी पाळावयाची, तर चूल कशी पेटावी? हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्यावा. तीन दगडांच्या उघड्या चुलीत सरपणाची सुमारे एकदशांशच उष्णता भांड्यास लागते. बाकीची वाऱ्यावर व धुरावाटे जाते. ओले लाकूड आधी स्वतःतील पाणी आटवण्यातच उष्णता घालवते आणि धूर करते. तो धूर आईच्या डोळ्यांत व छातीत जातो. म्हणून सरपण वाळवून व बारीक फोडून वापरणे, आडोसा असलेली सुधारलेली चूल करणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि कडधान्य रात्री भिजत घालणे हे उपाय सांगावेत. गॅसच्या शेगडीसही शेवटचे दोन उपाय तितकेच लागू आहेत.

(2) चराईबंदीमुळे गुरे गोठ्यात राहतात व चारा कापून आणावा लागतो. अर्थात् शेण रानात न विखुरता एके ठिकाणी जमते. चार-पाच मोठ्या जनावरांचे रोजचे सुमारे 50 किलो शेण 2 घनमीटरच्या गोबर गॅस संयंत्रास पुरते व लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होऊ शकतो. गोवरी जाळली की खत गेले. संयंत्रातून मात्र ज्योतही मिळते आणि खतही शेतास परत जाते.

(3) पाणी जितके खोल, तितकी ते उपसण्यास वीज अधिक. पंपाची कार्यक्षमता सारखी धरली, तर 60 मीटरवरून पाणी काढण्यास 10 मीटरच्या सहापट वीज लागते. म्हणून विहिरीची पातळी वर आणणारा बंधारा हे विजेच्या बचतीचेही साधन आहे.

गणित. वॅट गुणिले तास भागिले 1000 म्हणजे युनिट, हे सूत्र फळ्यावर लिहावे. 60 वॅटचा जुना दिवा रोज 5 तास लागला, तर 30 दिवसांत 60 × 5 × 30 ÷ 1000 = 9 युनिटे होतात. तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावला, तर 1.35 युनिट. बचत 7.65 युनिटे. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. जे युनिट वाचते ते वरच्या, महाग टप्प्यातले असते, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे. पंखा किंवा शीतकपाट नवे घेण्याची वेळ आल्यास, त्याच आकाराच्या वस्तूंत अधिक तारे असलेली वस्तू कमी वीज घेते, हेही सांगावे.

प्रात्यक्षिक. शाळेच्या स्वयंपाकघरात सारख्याच भांड्यांत सारखेच पाणी घेऊन एकदा झाकणासह व एकदा झाकणाविना उकळावे. मुलांनी दूर उभे राहून घड्याळ पाहावे व वेळ नोंदवावा. विस्तवाचे काम शिक्षकाने किंवा स्वयंपाकिणीनेच करावे.

स्वाध्याय. (अ) सोमवारी वीजमापकाचा आकडा लिहावा. पुढील सोमवारी पुन्हा लिहावा. वजाबाकीस 7 ने भागून रोजचा सरासरी वापर काढावा. (आ) घरातील दिवे, त्यांचे वॅट व रोजचे तास यांचा तक्ता करावा. (इ) एका दिवसाचे सरपण वजन करून नोंदवावे. (ई) महिनाभर एकच बदल करून पुन्हा मापे घ्यावीत व दोन्ही आकडे शेजारी मांडावेत.

दक्षता. मापकाचा आकडा दुरूनच वाचावा. तारा व खटके यांस मुलांनी हात लावू नये. कोणाच्या घरचे वीजबिल वर्गात वाचून दाखवू नये, की घराघरांची तुलना करू नये. ज्याच्या घरी एकच दिवा आहे त्या मुलास या पाठाने ओशाळे वाटता कामा नये. प्रत्येकाने आपल्याच मागील महिन्याशी आपली तुलना करावी. अभ्यासाचा दिवा विझवून केलेली बचत ही बचत नव्हे, हे स्पष्ट सांगावे. हिवरे बाजारने शेती सोडली नाही. पाण्याच्या मापाने पीक निवडले. घरानेही उजेड सोडू नये. मापाने दिवा निवडावा. मुलांचे तक्ते महिन्याच्या अखेरीस पालकसभेत मांडावेत, म्हणजे शाळेतील हिशेब घरच्या चुलीपर्यंत पोहोचेल.